कृष्णाजी रावांचा घोडा लंडनला जात नाही

कृष्णाजी राव नोकरीच्या काळात दिवसा तंजावरच्या घराघरांतली विजेची मीटरं वाचत आणि उत्सवाच्या दिवसांत राजा होत. तिकडे देवळांच्या उत्सवांत ‘पोय्क्काल कुदिरै’ नावाचा नाच असतो. खोट्या पायांचा घोडा, असा त्याचा अर्थ. बांबूच्या कामट्यांवर कागदाचा लगदा थापून केलेला पोकळ घोडा, त्यावर रंग, जर आणि आरसे. नाचणारा घोड्याच्या पाठीतल्या भोकात उभा राहतो, पट्ट्यांनी घोडा खांद्यांना आणि कमरेला अडकवतो, पायांना लाकडी पाय बांधतो. एकदा ढोल सुरू झाला की बघणाऱ्याला वाटतं, राजाच घोड्यावर बसून निघाला आहे.

कृष्णाजींच्या घोड्याचं नाव माणिक. पापनाशमपासून ओरत्तनाडूपर्यंत त्या दोघांना ओळखणारी माणसं होती. मीटर वाचायला कुणाच्या दारात उभे राहिले की आतून हाक यायची, “कुदिरै सार आलेत, कॉफी ठेव.” कॉफी पिऊन झाली की तीच माणसं विचारायची, बिल एवढं कसं आलं. त्यावर कृष्णाजी माणिकची एखादी गोष्ट सांगत आणि पुढच्या घरी जात.

निवृत्तीनंतर दोनेक वर्षांत गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, “लाकडी पाय विसरा राव, आता खरे सांभाळा.” त्या दिवसापासून माणिक घराच्या पुढच्या खोलीत उभा राहिला. खोली केवढी, तर दोन खुर्च्या, एक टीव्ही आणि एक घोडा. पाहुणा आत आला की आधी घोड्याच्या तोंडावर आदळायचा आणि मग नमस्कार करायचा. कृष्णाजींच्या पत्नी धनलक्ष्मी यांनी पहिले काही महिने सोसलं. मग त्या माणिकच्या पाठीवर अप्पळम, म्हणजे पापड, वाळत घालू लागल्या. एक दिवस त्याच्या कानावर ओला टॉवेल दिसला, तेव्हा कृष्णाजी दुखावले.

“अगं, राजाचा घोडा आहे तो.”

“राजाला पेन्शन मिळते. घोड्याला काय मिळतं?” धनलक्ष्मी घरच्या तंजावरी मराठीत म्हणाल्या. “हे अस्कं कसाला ठेवून घ्यायचं? कुणाला तरी देऊन टाका. नाहीतर मी पापनाशमला माहेरी जाते, तुम्ही त्याच्याबरोबर राहा.”

हे सगळं दोन हजार दोन सालातलं. धनलक्ष्मी माहेरी जाणाऱ्यांपैकी नव्हत्या, पण वर्षभर हेच वाक्य ऐकल्यावर कृष्णाजी विकायला तयार झाले. चेन्नईला कॉम्प्युटर कंपनीत असलेल्या मुलीने, साईप्रियाने, फोनवर तोडगा सांगितला: “अप्पा, इंटरनेटवर टाका. आजकाल तिथे काहीही विकलं जातं.”

त्यांच्या कोपऱ्यावर पूर्वी कार्तिक नावाच्या माणसाचा एस.टी.डी. बूथ होता. मोबाइल आले तसा त्याने काचेच्या फोनच्या खोलीत तीन कॉम्प्युटर बसवले, वर ‘ब्राउझिंग सेंटर’ अशी पाटी लावली आणि दोन मुलांच्या शाळेचा खर्च त्यावर भागवू लागला. कृष्णाजी त्याच्याकडे माणिकचा फोटो घेऊन गेले. मारियम्मन देवीच्या जत्रेतला फोटो; त्यात कृष्णाजींच्या खोट्या मिशा माणिकच्या शेपटीहून झुपकेदार दिसत होत्या.

जुन्या वस्तू विकण्याच्या एका वेबसाइटवर कार्तिकने फोटो चढवला आणि तो अडला. “सार, कुठल्या वर्गात टाकू? फर्निचर आहे, खेळणी आहेत, वाहनं आहेत. घोडा नाही.”

“खेळणं नव्हे,” कृष्णाजी कडक आवाजात म्हणाले.

“मग वाहनं. बसायचं असतं ना त्यावर?”

“बसायचं नसतं. आत शिरायचं असतं.”

“कारमध्येही आतच शिरतात,” असं म्हणून कार्तिकने वाहनांवर टिचकी मारली. मग पुढचे प्रश्न आले. किती साली बनवलं, आधीचे मालक किती, इंधन कोणतं. इंधनाची जागा रिकामी सोडली तर वेबसाइट पुढे सरकेना. कृष्णाजींनी विचार करून सांगितलं, “कॉफी लिही.” कार्तिकने ‘पेट्रोल’ लिहिलं, कारण यादीत कॉफी नव्हती.

पंधरवडा कुणी विचारलं नाही. मग एका सकाळी कार्तिक स्वतःच त्यांच्या घरी आला आणि दारातून आत शिरताना माणिकच्या नाकावर आपटला. “सार, लंडनहून मेल आलीय.”

मेल डॉक्टर हॅरिस नावाच्या गृहस्थाची होती. कार्तिकने सेंटरमध्ये ती वाचून तमिळमध्ये समजावली: तुमची वस्तू मला पसंत आहे. किंमत मान्य आहे. तिची स्थिती कशी आहे ते कळवा. मी कामात असल्याने येऊ शकत नाही. माझा एजंट येऊन घेऊन जाईल.

तासाभरात बातमी गल्लीभर झाली. कृष्णाजी रावांचा घोडा विलायतेला चालला. देवळाच्या गुरुजींनी निघायचा मुहूर्त काढून देऊ केला. शेजारचे शिंपी माणिकसाठी नवी झूल शिवायला बसले. धनलक्ष्मींनी टॉवेल काढून घेतला, अप्पळम गच्चीवर नेलं आणि स्वतःच्या हाताने घोड्याची धूळ पुसली. लंडनला जाणाऱ्या माणसाची ठेवतात तशी त्याची बडदास्त सुरू झाली.

कृष्णाजी मात्र उत्तर लिहायला बसले ते तीन पानं लिहून उठले. तमिळ पानं कार्तिकने इंग्रजीत केली. माणिक कुणी घडवला, त्याचा रंग कुठल्या झाडाच्या डिंकात कालवला, डावीकडे वळताना तो किंचित जड का जातो, पट्टे कमरेला काचू नयेत म्हणून आतून काय बांधावं, पावसात त्याला कुठे उभा करावा. शेवटी विचारलं: डॉक्टरसाहेब, आपण स्वतः नाचणार की कुणा शिष्याला देणार?

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. माहितीबद्दल आभार. वस्तूच्या स्थितीबद्दल मी समाधानी आहे. चेक पाठवत आहे, पूर्ण नाव आणि पत्ता कळवा.

“बेष,” धनलक्ष्मी म्हणाल्या. “माणूस मोजकं बोलतो.”

“पण नाचणार कोण, ते सांगितलंच नाही.”

“अहो, डॉक्टर आहेत. पेशंट बघतील की तुम्हाला सांगत बसतील?”

कृष्णाजींनी नाव आणि पत्ता कळवला, आणि पुन्हा विचारलं, नाचणार कोण. उत्तराऐवजी कुरियरने चेक आला. जाड कागद, निळी नक्षी, विलायती बँकेचं नाव. आणि रक्कम ठरल्याच्या सहापट. पाठोपाठ मेल: माझ्या सेक्रेटरीने चुकून जहाजाचं भाडंही याच चेकमध्ये घातलं. तुम्ही प्रामाणिक माणूस दिसता. तुमची किंमत ठेवून घ्या आणि उरलेले पैसे माझ्या शिपिंग एजंटच्या दिल्लीतल्या खात्यात आजच भरा. त्याशिवाय तो वस्तू उचलायला येणार नाही. तातडीचं आहे.

‘प्रामाणिक माणूस’ हे शब्द कार्तिकने दोनदा वाचून दाखवले. कृष्णाजींना ते आवडले, हे खोटं का बोला.

बँकेचे मॅनेजर व्यंकटरमण हे त्यांच्या नाचाचे जुने चाहते. लहानपणी मारियम्मनच्या जत्रेत वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी माणिकला पाहिलं होतं. कृष्णाजी चेक घेऊन गेले तेव्हा त्यांनी केबिनमध्ये बसवून कॉफी मागवली.

“परदेशी चेक आहे राव. वसुलीला पाठवला तर महिना-दीड महिना लागेल. तोवर पैसे हातात येत नाहीत.” मग ते पुढे झुकले. “पण तुम्ही आमचे जुने खातेदार. बँक हा चेक विकत घेऊ शकते. मी आजच रक्कम तुमच्या खात्यात जमा करतो, तुम्ही दिल्लीला पाठवून मोकळे व्हा. तुमच्या घोड्यासाठी एवढं तरी केलं पाहिजे.”

“आणि तिकडून पैसे आलेच नाहीत तर?”

“तर नियमाप्रमाणे तुमच्या खात्यातून परत घ्यावे लागतील. पण येतील की. डॉक्टर आहेत ते.”

सही करायचा कागद समोर आला. पेन हातात होतं. त्या क्षणी कृष्णाजींच्या मनात फसवणुकीचा विचार होता असं ते स्वतःही कधी म्हणाले नाहीत. त्यांना फक्त राग आला होता. तीन पानं लिहिली, दोनदा विचारलं, आणि हा माणूस ‘घोडा’ हा शब्दसुद्धा लिहीत नाही. वस्तू, वस्तू, वस्तू. मुलगी बघायला न येता, तिचं नावही न विचारता, लग्नाचा हॉल ठरवणाऱ्यासारखा हा डॉक्टर वागत होता.

“उद्या सही करतो,” असं सांगून ते उठले. व्यंकटरमण थोडे हिरमुसले.

तिथून कृष्णाजी थेट ब्राउझिंग सेंटरमध्ये गेले आणि कार्तिकला म्हणाले, “लिही. डॉक्टरसाहेब, कळवायला वाईट वाटतं की माणिकला कालपासून ताप आहे.”

कार्तिकने वळून पाहिलं. “सार, घोडा कागदाचा आहे.”

“तुला माहीत आहे. त्याला माहीत आहे का, ते बघू. पुढे लिही. डोळे लाल झालेत. चारा खात नाही. आणि सकाळी त्याचा पाचवा पाय गळून पडला.”

कार्तिकने लिहिलं. दोघं खुर्च्यांवर बसून राहिले. सेंटरमध्ये परीक्षेचे निकाल बघायला आलेल्या लोकांची गर्दी झाली, ओसरली. दुपारी उत्तर आलं, आणि ते वाचताना कार्तिकने हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

कळवल्याबद्दल आभार. मी वस्तू या स्थितीत स्वीकारायला तयार आहे. कृपया एजंटचे पैसे आजच भरा.

कृष्णाजींनी ती ओळ कार्तिककडून पुन्हा वाचून घेतली. मग म्हणाले, “पाचवा पाय गळला तरी चालतं म्हणतो.”

“गाडीचा पाचवा पाय म्हणजे स्टेपनी समजला असेल,” कार्तिक म्हणाला. “सार, हा माणूस अशाच मेल गावभर पाठवत असणार. त्याला तुमचा घोडा नकोच आहे. त्याला फक्त ते दिल्लीला पाठवायचे पैसे हवेत.”

“म्हणजे चेक खोटा?”

“चेक खोटा, आणि तुम्ही पाठवणार ते पैसे खरे.”

घरी आल्यावर धनलक्ष्मींनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या मनात पुढची खोली केव्हाच रिकामी होऊन तिथे सोफाही आला होता, त्यामुळे त्या सहजी मानेनात. “तुम्हाला घोडा द्यायचाच नाही, म्हणून हे तापाचं काढलंत. विलायतेत पाच पायांचे घोडे नसतीलच, असं तुम्हाला कुणी सांगितलं?”

“नसतात, धनम.”

“तुम्ही कुठे गेलात बघायला?”

दुसऱ्या दिवशी कृष्णाजी बँकेत गेले आणि व्यंकटरमणना म्हणाले, “सार, चेक विकत घेऊ नका. रीतसर वसुलीला पाठवा. तिकडच्या बँकेने पैसे खरोखर दिले, ते परत जाणार नाहीत असं तुम्ही मला कागदावर सांगितलंत, की मग मी काय ते बघेन. तोवर माझ्या खात्यात एक पैसाही दाखवू नका. दिसला की माझी बायको सोफा आणील.”

व्यंकटरमण म्हणाले, “महिना लागेल राव.”

“माणिकला घाई नाही. तो उभाच आहे.”

डॉक्टर हॅरिसना मात्र घाई होती. रोज मेल येऊ लागल्या. पैसे का भरले नाहीत. एजंट वाट बघतोय. तुमच्यामुळे माझं नुकसान होतंय. मग आवाज चढला: तुम्ही माझा चेक ठेवून घेतला आहे, मी लंडनच्या पोलिसांत तक्रार करतो, तुम्हाला अटक होईल. ही मेल ऐकून शिंपी घाबरले आणि अर्धी शिवलेली झूल कपाटात ठेवून आले. कृष्णाजींनी प्रत्येक मेलला एकच उत्तर लिहायला सांगितलं: चेक वटला की घोडा तयार आहे. वटण्याआधी कुणालाही काही पाठवणार नाही. आणि प्रत्येक उत्तराखाली माणिकच्या तब्येतीची बातमी. ताप उतरला. दोन घास खाल्ले. पाचवा पाय पुन्हा फुटतोय.

शेवटच्या मेलमध्ये डॉक्टरांनी त्यांना शिव्या दिल्या. त्या इंग्रजी असल्याने कार्तिकने अर्थ सांगायचं टाळलं, पण कृष्णाजींनी हट्ट धरला. अर्थ ऐकून ते खुश झाले. त्या शिव्यांत एक शब्द ‘म्हातारा घोडा’ असा होता. “बघ,” ते म्हणाले, “शेवटी लिहिलाच.”

चेक महिन्यानंतर परत आला. तिकडच्या बँकेने शेरा मारला होता की असं खातंच नाही. व्यंकटरमण तो परत द्यायला स्वतः घरी आले. आत येताना माणिक आडवा आला नाही, कारण त्यांनी लहानपणापासून त्याची लांबी डोळ्यांत भरून घेतली होती. ते खुर्चीवर बसले आणि धनलक्ष्मींकडे बघून म्हणाले, “अम्मा, मी त्या दिवशी मदत करायला निघालो होतो. तुमचं खातं रिकामं झालं असतं, आणि ते मीच केलं असतं.” धनलक्ष्मींनी कॉफी दिली, आणि टीव्हीशेजारची जागा नजरेने एकदा मोजून सोफ्याचा विचार पुढे ढकलला.

त्यानंतर कृष्णाजींनी वेबसाइटवरून माणिकला काढायला सांगितलं. कार्तिकने काढलं नाही. त्याने वर्ग बदलला, इंधन खोडलं आणि खाली एक ओळ टाकली: प्रत्यक्ष येऊन बघणाऱ्यालाच मिळेल. त्याने गावातल्या दोघा-तिघांनाही सावध केलं, कारण एका दुकानदाराच्या जुन्या स्कूटरला आणि एका बाईंच्या शिवणयंत्रालाही त्याच डॉक्टरांनी त्याच शब्दांत मागणी घातली होती. शिवणयंत्रवाल्या बाई पैसे भरायला निघाल्याच होत्या.

पोंगलनंतर एका दुपारी दारात एक मुलगी उभी राहिली. खांद्याला पिशवी, पायांत कॅनव्हासचे बूट. ती ओरत्तनाडूच्या शाळेत ड्रिल शिकवणारी दिव्यश्री. घरात शिरताना माणिकवर आपटली आणि तिने “सॉरी” म्हटलं ते घोड्याला.

“मला नाच बसवायचाय, सार,” ती म्हणाली. “आमच्या मुली उड्या चांगल्या मारतात, पण घोडा नाही. मी वेबसाइटवर जाहिरात बघितली.”

कृष्णाजी पोळलेले होते. त्यांनी गंभीर चेहरा करून सांगितलं, “घोडा आहे, पण सांगायला हवं. कालपासून त्याला ताप आहे.”

दिव्यश्रीने त्यांच्याकडे पाहिलं, मग माणिककडे. पिशवी खाली ठेवून गुडघ्यांवर बसली आणि त्याच्या पोटाखाली डोकं घातलं. तिथून तिचा आवाज आला. “ताप कसला सार, वाळवी असेल. नाही, वाळवी नाहीये. कामट्या मजबूत आहेत. पट्टा मात्र बदलायला हवा, हा कमरेला काचतो ना?”

कृष्णाजी धनलक्ष्मींकडे वळले. “पट्ट्याबद्दल विचारतेय,” ते म्हणाले.

त्यांनी तिला घोडा चढवून दाखवायला लावला. ती आत शिरली, पट्टे खांद्यांवर घेतले. लाकडी पाय कृष्णाजींनी बांधू दिले नाहीत, पण त्या अरुंद खोलीत टीव्ही आणि खुर्च्यांच्या मध्ये तिने दोन पावलं टाकली. डावीकडे वळताना अडखळली. “इथे जड जातो हा,” ती म्हणाली. कृष्णाजींनी हातानेच ताल धरला, आणि पुढचा तासभर तिला वळायचं कसं ते शिकवलं. धनलक्ष्मींनी दोन्ही खुर्च्या उचलून स्वयंपाकघरात नेल्या.

किमतीचं बोलणं लगेच झालं. शाळेकडे जेवढे होते तेवढे दिव्यश्रीने रोख दिले. ते आधीच्या किमतीहून पुष्कळ कमी होते. धनलक्ष्मींनी एक-एक नोट उजेडात धरून पाहिली, मग नोटा पदराला बांधल्या. माणिक त्याच दिवशी निघाला. शिंप्यांनी अर्धी झूल आणून त्याच्या पाठीवर टाकली. कार्तिक आणि गल्लीतल्या माणसांनी घोडा खांद्यांवर घेतला, आणि बऱ्याच वर्षांनी माणिक ढोलाविना का होईना, रस्त्यावरून मिरवत बसस्टँडवर गेला.

ओरत्तनाडूच्या बसचा कंडक्टर अडून बसला. एवढं सामान टपावर चढवायचं तर लगेज तिकीट लागेल.

“सामान नाही ते,” कृष्णाजी म्हणाले.

“मग काय माणूस? फुल तिकीट फाडू?”

“फाडा.”

दिव्यश्री मध्ये पडली आणि लगेज तिकिटावर मामला मिटला. माणिक टपावर चढला, दोऱ्यांनी बांधला गेला. बस सुटली. घाईत त्याला उलटा बांधला होता, त्यामुळे बस ओरत्तनाडूकडे चालली आणि घोड्याचं तोंड तंजावरकडे.

“अरे, उलटा बांधलाय,” कृष्णाजी गुडघे विसरून चार पावलं पुढे धावले. मग थांबले.

धनलक्ष्मी त्यांच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. बस वळणावर दिसेनाशी होईपर्यंत दोघंही बघत होते.

“रविवारी आपण जाऊ या तिकडे,” त्या म्हणाल्या. “त्या पोरीला वळणं नीट येत नाहीत अजून.”